कोठारातला पाहुणा

बाहतान खोटे काम करताना तोंडात विडा धरत असे. ही सवय नव्हती, नेम होता. पान, सुपारी आणि शिंपल्यांचा चुना असा भरगच्च विडा गालात कोंबला की माणसाला थुंकता येते, हुंकार देता येतो, मान हलवता येते. बोलता येत नाही. त्याला तेवढेच हवे असे.

इफुगाव लोकांच्या डोंगरांत, हुंगदुआनच्या खोऱ्यात, घरटी एक तरी माणूस लाकूड कोरतो. कोरायचे ते मुख्यतः बुलुल: गुडघे उराशी घेऊन, हातांची घडी गुडघ्यांवर टेकून, चौथऱ्यासकट एकाच ओंडक्यातून निघालेला भाताच्या कोठाराचा राखणदार. कोठारात बसणारा बुलुल आणि दुकानात बसणारा बुलुल यांचे लाकूड एक, हत्यार एक, हातही बहुधा एकच. फरक पडतो तो नंतर. कोठारात जायचा त्याला डुकराचे नाहीतर कोंबडीचे रक्त लागते, तांदळाची दारू शिंपावी लागते, आणि पूर्वजांना नावानिशी हाका मारून जेवायला बोलावणारा मुंबाकी त्याच्यासमोर मांडी घालून पहिल्या बुलुलची जन्मकथा म्हणतो. दुकानात जायचा त्याला नुसते रक्त लागते.

हे रक्त फ्लोरोच्या सांगण्यावरून सुरू झाले. फ्लोरो सखल भागातून येऊन बानावेच्या बाजारात स्थिरावलेला, जीपमधून खोरेभर फिरणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा दुकानदार. सुरुवातीला तो कोरे, पिवळसर लाकडाचे बुलुल नेत असे. मग एकदा बाहतानच्या ओसरीवर टेकून, थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारत म्हणाला, "मानोंग, ही नातवंडं पुरे झाली आता. गोऱ्या गिऱ्हाइकाला नातू नको, आजोबा हवा. काळा, तेलकट, अंगावर रक्ताची पुटं चढलेला. ज्याच्यापुढं कुणीतरी खरोखर हात जोडलेत, असा."

"हात कोण जोडणार? तू?"

"मी पैसे जोडतो. तू पुटं चढव."

तेव्हापासून खोऱ्यात आजोबा पिकवायला सुरुवात झाली. मूर्ती चुलीवरच्या फळीवर धुरात ठेवायची, डुकरांच्या कुडाशेजारच्या चिखलात पुरायची, वर काढून चरबीने घासायची, पुन्हा धुरात. शेवटी मांडीवर, छातीवर, गुडघ्यांवर कोंबडीचे रक्त, एक थर वाळला की दुसरा. ओढ्यावर पाणी भरताना बायका एकमेकींना विचारत, "तुमचा आजा पिकला का गं?" "पिकलाय, पण अजून वास मारतोय." या विनोदात कुणाला पाप वाटत नव्हते. ज्याला कथा ऐकवली नाही ते लाकूड. लाकडाला काळे केले काय, पांढरे केले काय. परदेशी माणूस वयाला फसतो हे सगळ्यांना ठाऊक झाले होते. त्याच्या लेखी वस्तू जुनी असली की खरी, आणि खरी असण्यासाठी ती वापरणारे लोक शक्यतो मेलेले असावेत. खोऱ्यातल्या लोकांच्या लेखी बुलुलचे वय हा प्रश्नच नव्हता. काल कोरलेला आणि आज सकाळी जेवू घातलेला बुलुल पूर्ण वयाचा.

बाहतानला मात्र इतरांहून एक जास्तीची भीती होती. त्याचा बाप गिनिद हा खोऱ्यातला नावाजलेला मुंबाकी. बाहतानने स्वतः ती विद्या घेतली नाही. तो रविवारी प्रार्थनेला जाई, आणि बापाने कधी आग्रह धरला नाही. पण लहानपणापासून बापाच्या गुडघ्याशी बसून कोंबड्या धरायचे काम त्याचेच. एका हाताने कोंबडीचे पाय, कानावर कथा. जे शिकायचे म्हणून शिकले ते माणूस विसरतो. जे कोंबडी धरता धरता कानात मुरले ते जात नाही. त्यातही कथेचा शेवट. मुंबाकी जन्मकथा संपवून थांबत नाही. पहिला बुलुल जिथे घडला तिथून तो कथेला ढकलत आणतो: या डोंगराच्या खांद्यावर आलास, या ओढ्याशी पाय धुतलेस, या गावाबाहेर विडा खाल्लास, असे एकेक ठिकाण नावाने घेत, एकही न गाळता, थेट यजमानाच्या कोठारापर्यंत. शेवटचे नाव त्या कोठाराचे. मग म्हणायचे, हे तुझे घर. वाट म्हणून झाली की पाहुणा आलेला असतो.

म्हणून विडा. आजोबांना रक्त लावताना बाहतानच्या तोंडात रिकामी जागा नसे.

गिनिद मेला त्या वर्षीची कापणी तशी हिरमुसलेलीच झाली. कोठारापुढे कथा म्हणायला शेजारच्या वाडीतून म्हातारा मुंबाकी पिंकिहान आला, ज्याला सगळे आपू, म्हणजे आजोबा, म्हणत; डुक्कर कापले, वाटे झाले, म्हातारा आपला वाटा घेऊन गेला. नारळाच्या करवंटीत थोडे रक्त उरले होते. दुसऱ्या दिवशी फ्लोरोची जीप यायची होती, आणि कामाच्या झोपडीत एक आजोबा शेवटच्या थरासाठी थांबलेला होता. उरलेले रक्त फेकणे हा मूर्खपणा. बाहतानने करवंटी उचलली. चुन्याची डबी दुपारी पाहुण्यांमध्ये फिरून रिकामी झाली होती. त्याने नुसती सुपारी तोंडात टाकली, ती चावून संपली, आणि हात चालूच राहिला.

तो बुलुल त्याला चांगला साधला होता. खांदे किंचित पुढे झुकलेले, म्हातारपणी गिनिद बसत असे तसे. ते त्याने ठरवून केले नव्हते. बोटे छातीवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून चौथऱ्यावर फिरत होती, आणि त्या फिरण्याला एक लय होती, तीच लय जिच्यावर लहानपणी कोंबडीची धडधड आणि बापाचा आवाज एकत्र चालत. झोपडीच्या दारात त्याची बायको इंदानाय येऊन उभी राहिली.

"कुणाशी बोलतोयस, तुमाकच्या बापा?"

बाहतानचा हात थांबला. तेव्हा त्याला आपलाच आवाज ऐकू आला, जसा कांडणाचा आवाज थांबल्यावर ओढ्याचा आवाज ऐकू यावा. त्याने कथा म्हटली होती. वाट म्हटली होती. शेवटचे नाव त्याच्या स्वतःच्या कोठाराचे घेतले होते.

"पुरी झाली?" इंदानायने विचारले. तीही मुंबाकीचीच सून; तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे झाली. जिभेला हाड नसतं, म्हणून तर विडा भरतोस ना तोंडात? मग आज काय झालं?"

"चुना संपला होता."

ती हसली नाही. "मग तो आता इथंच ठेव. कोठारात बसव."

बाहतानने ठेवला नाही. त्याची कारणे त्या वेळी त्याला पुरेशी वाटली. फ्लोरोला शब्द दिला होता. कोठारात त्याच्या खऱ्या आजोबांच्या वेळची बुलुलची जोडी आधीच बसलेली होती. तिसरा कुठे बसवणार? आणि तो काही मुंबाकी नव्हता. मुंबाकी नसलेल्याने म्हटलेली कथा म्हणजे पोपटाने केलेली प्रार्थना. सकाळी जीप आली. फ्लोरोने मूर्ती उन्हात फिरवून पाहिली आणि शीळ घातली. "मानोंग, हा आजोबा नाही. हा पणजोबा आहे." त्याने ती पोत्यात गुंडाळली, मागच्या बाकावर ठेवली, आणि बुलुल त्याच्यासाठी म्हटलेल्या वाटेच्या नेमक्या उलट दिशेने निघून गेला.

त्या वर्षी भात लवकर संपले. पीक कमी नव्हते. पेंढ्या वाळवून, मोजून, हारीने रचून ठेवल्या होत्या. पण त्या खोऱ्यात भात वर्षातून एकदाच पिकते, आणि बुलुलचे काम ते वाढवण्याचे नाही, टिकवण्याचे. इंदानाय कोठारातून खाली उतरली की शिडीच्या शेवटच्या पायरीवर घटकाभर बसू लागली. पुढच्या वर्षी तसेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. मधल्या काळात घर रताळ्यांवर राही. रताळी खाऊन कुणी मरत नाही. पण दुसऱ्याच्या घरून तांदूळ आणावा लागणे ही इफुगाव माणसाला रताळ्याहून जड पडणारी गोष्ट आहे. उंदीर नव्हते, उंदीर अडवणाऱ्या खांबांवरच्या लाकडी चकत्या जागच्या जागी होत्या. चोरही नव्हता. बाहतानने शेवटी पिंकिहानला गाठले.

म्हाताऱ्याने सगळे ऐकले, शकुन पाहायला एक कोंबडी कापली, पित्ताची पिशवी बोटाने वर उचलून पाहिली आणि पुन्हा आत ढकलली.

"तुझा बाप जिवंत असता तर त्यानं तुला काठीनं बडवलं असतं," तो म्हणाला. "मी म्हातारा झालो, म्हणून शब्दांवर सोडतो. पोरा, तू पाहुण्याला बोलावलंस, जेवू घातलंस, हे तुझं घर म्हणालास, आणि घरात पाय ठेवायच्या आत पोत्यात घालून विकलास. तो घर विसरलेला नाही. जिथं कुठं असेल तिथून तुझ्या कोठारातलं खातोय."

"मी मुंबाकी नाही, आपू."

"भुकेला माणूस आमंत्रण देणाऱ्याची पदवी विचारतो का?"

"मग उपाय सांगा."

उपाय होता. वाट पुन्हा म्हणायची, पण या वेळी कोठारापासून सुरू करून, तो आज जिथे आहे तिथपर्यंत. एकही ठिकाण न गाळता. शेवटी तिथल्या घराचे नाव घेऊन सांगायचे, आता हे तुझे घर, इथले खा. एवढे झाले की बाहतान सुटला. "पण पुरती म्हण," पिंकिहानने बोट उगारले. "अर्ध्या वाटेत सोडलेला पाहुणा घरातल्या पाहुण्यापेक्षा वाईट."

बाहतानला बानावेपर्यंतची वाट ठाऊक होती. पुढची लागावे आणि बामबांग ही गावे, घाटाखालचे सपाट मुलूख, मनिला, हेही त्याने फ्लोरोकडून काढून घेतले. मनिलाच्या व्यापाऱ्याने मूर्ती परदेशी विकली होती. कुणाला, कुठे, ते फ्लोरोला माहीत नव्हते. "समुद्राच्या पलीकडं गेली, मानोंग," तो म्हणाला. "पलीकडं म्हणजे पलीकडं." बाहतानने आजोबा पिकवणे सोडले. तो आता चमचे कोरी, पाट कोरी, दाराच्या चौकटी कोरी. वाटेचा उरलेला भाग कुणाकडे मागावा हेही त्याला कळत नव्हते.

तो भाग ज्याच्याकडे मागावा असे माणूस बऱ्याच वर्षांनी स्वतः चालत दारात आले. तोवर पिंकिहान थकून अंथरुणाला खिळला होता आणि बाहतानच्या भावाची मुलगी जोविता, जी तेव्हा शाळेत शिकत होती, आता शाळेत शिकवत होती. जोविताच घाईघाईने वर चढून आली.

"काका, एक परदेशी बाई आलीय. संग्रहालयातली. वाडीवाडीला जाऊन एक फोटो दाखवतेय. मी पाहिला." तिने दम घेतला. "खांदे गिनिद आजोबांचे आहेत."

बाईच्या मागोमाग फ्लोरोही येऊन पोचला होता, हे जोविताने सांगितले नाही. ते संध्याकाळी ओसरीवर आपोआप कळले. फ्लोरोबरोबर वाडीतले तिघे-चौघे कोरणारे होते, सगळे नात्यातले. इंदानायने सगळ्यांपुढे तांदळाची दारू ठेवली.

"मानोंग, प्रश्न सोपा आहे," फ्लोरो म्हणाला. "ती विचारणार, जुना की नवा. त्यांच्याकडं कुणीतरी लाकूड तपासलंय आणि शंका काढलीय. तू म्हणायचंस, आमच्या पणजोबाचा. हो की नाही, एवढंच. संपलं."

"आणि नवा म्हणालो तर?"

"तर उद्यापासून या खोऱ्यातला प्रत्येक आजोबा संशयित. माझं दुकान जाऊ दे, मी साबण विकीन. यांचं काय?"

कोरणाऱ्यांपैकी बाहतानचा चुलतभाऊ म्हणाला, "तू चमचे कोरून साधू झालास, बाहतान. आम्हाला अजून पोरं शिकवायचीयत."

"मला वाट विचारायचीय तिला," बाहतान म्हणाला.

"कसली वाट?"

"तो गेला ती. आणि ती विचारायची तर आधी कबूल करावं लागेल की तो इथून गेला. माझ्या हातून. कधी गेला तेही."

कोठाराची गोष्ट वाडीत सर्वांना ठाऊक होती. तिच्यावर विनोदही झाले होते, पण आता कुणी केला नाही. शेवटी फ्लोरो म्हणाला, "मानोंग, भात मी देतो. दर वर्षी. पोतं भरून. घाटाखालचा पांढरा तांदूळ."

इंदानायने त्याच्या हातातला पेला काढून घेतला. "घाटाखालचा तांदूळ कोंबड्यांना घाल," ती म्हणाली. "पाहुणा आमच्या कोठारात जेवतोय, आणि तू त्याचं पोट पोत्यानं भरणार?"

परदेशी बाई दुसऱ्या दिवशी आली. तिचे नाव आनलीस. उंच, पन्नाशीची, चढाने लाल झालेली. विचारल्याशिवाय फोटो न काढणारी. तिला दिलेला विडा तिने तोंडात घातला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावला आणि थुंकायची जागा विचारली. त्यामुळे इंदानायला ती बरी वाटली. जोविता दुभाषी म्हणून मध्ये बसली. फोटो पाटावर ठेवला गेला.

काचेच्या पेटीत, काळ्या कापडावर, खालून येणाऱ्या प्रकाशात बुलुल बसला होता. गुडघ्यांवरचे रक्त चकचकत होते. बाहतानला पहिल्यांदा वाटले ते एवढेच की तो वाळलाय. मग त्याने फोटो उचलून, ऊन लागणार नाही असा सावलीत ठेवला.

"हा माझा," तो म्हणाला. "मी कोरला. बाप मेला त्या वर्षी."

आनलीसने श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माणसाचा थकवा होता. तिने काहीतरी विचारले.

"ती म्हणतेय, म्हणजे हा खोटा," जोविता म्हणाली.

"खोटा नाही. मी कथा म्हटलीय त्याला."

"पण विकायला केला होता ना?"

"विकायला केला, आणि म्हटली." हे आजवर त्याने मोठ्याने एकदाच, पिंकिहानपुढे, सांगितले होते. आता त्याने सगळे सांगितले: चुन्याची डबी, करवंटी, ओठांवर आपोआप आलेली वाट, जीप, दर वर्षी लवकर रिकामे होणारे कोठार. जोविता एकेक वाक्य पलीकडे पोचवत होती. ती चर्चच्या शाळेतली मास्तरीण. काकाची ही गोष्ट परक्यासमोर उलगडताना तिचे कान तापले होते, पण तिने एक शब्द गाळला नाही. आनलीस आधी टिपून घेत होती. मग तिने लिहायचे थांबवले आणि नुसती ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"ती म्हणतेय, इतकी सुंदर गोष्ट तिनं ऐकली नव्हती."

"सुंदर?" इंदानाय म्हणाली. "तिला म्हणावं, त्या गोष्टीत एकजण भुकेला आहे."

बाहतानने हात वर करून बायकोला थांबवले. "तिला विचार, इथून तिथपर्यंतची गावं कोणती. मनिलापर्यंत मला येतात. पुढची हवीत. क्रमानं."

हा प्रश्न आनलीसला समजायला वेळ लागला. समजला तेव्हा ती पुढे सरसावून बसली, कारण तिचाही प्रश्न तोच होता, दुसऱ्या टोकाने. तिच्या लोकांतही वस्तूची वाट सांगावी लागते: कुणाकडून कुणाकडे गेली. ती वाट जितकी लांब, तितका वस्तूचा मान. पण या बुलुलच्या वाटेत भोक होते. मनिलाचा व्यापारी आता हयात नव्हता. त्यानंतर मूर्ती काही वर्षे कुठे होती ते कुणालाच माहीत नव्हते. मग ती एका लिलावात वर आली, आणि तेव्हा तिच्यासोबत एक हकिगत जोडलेली होती, की शंभर वर्षांपूर्वी कुणा धर्मोपदेशकाने ती या डोंगरांतून नेली.

"म्हणजे त्यांच्याकडं वाट नाही," बाहतान म्हणाला. "कहाणी आहे."

"आणि कहाणी खोटी आहे, काका."

"आणि त्यानंतर? लिलावापासून तिच्या गावापर्यंत? तेवढं तर येत असेल तिला."

"विमानानं गेला."

"मधली गावं?"

जोविताने विचारलेच नाही. "विमानाला मधली गावं नसतात, काका."

बाहतानने फोटो जवळ ओढला. मग त्याने दुसरी गोष्ट मागितली, आणि ती मागताना त्याचा आवाज उतरला. आपण पायरी सोडतोय हे त्याला कळत होते. वाट नसेल तर नसो. तिथल्या तिथे, त्या काचेच्या घरात, कुणीतरी एक कोंबडी कापावी, चार थेंब त्याच्या गुडघ्यांवर लावावेत आणि त्याला म्हणावे, हे तुझे घर. कुठल्याही भाषेत म्हटले तरी चालेल. भुकेला माणूस भाषा धरून बसत नाही. पिंकिहानने हे मान्य केले असते की नाही, ठाऊक नव्हते. बाहतानला मान्य होते.

आनलीसने मान हलवली, पुन्हा हलवली, आणि खाली बघत बोलू लागली. जोविताने ऐकले आणि काकाकडे न बघता सांगितले. "जमणार नाही म्हणते. वस्तू खराब होते. रक्तानं किडे लागतात. काच उघडायलाही चार जणांची परवानगी लागते."

"पण अंगावर रक्त आहेच की त्याच्या. मीच लावलंय. त्यासाठीच तर घेतला ना त्यांनी?"

"ते जुनं आहे. त्याला ते जपतात. नवीन लावलं तर ती घाण."

इंदानाय उठून आत गेली. आतून भांडी जोरात आपटल्याचा आवाज आला. आनलीसने जाताना बाहतानचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ती खोटेपणाने वागत नव्हती. तिने वचन दिले की त्याची गोष्ट ती तिथे सांगेल, त्याच्या नावासकट. तिच्याकडे देण्यासारखे तेवढेच होते, आणि बाहतानने तिला ते नको म्हटले नाही, हे त्याच्या मनाला पुढे लागून राहिले.

त्या दिवसानंतर वाडीत त्याच्याशी कुणी फारसे बोलेना. फ्लोरोची जीप खोऱ्याच्या तोंडाशी वळून जाऊ लागली. इंदानायने कापणीच्या आधी एकदा भांडी घासता घासता, जणू मिठाविषयी बोलावे तसे म्हटले, "घर दिलं म्हणालास ना त्याला?"

"म्हणालो."

"मग देऊन टाक. आपण तुझ्या भावाच्या कोठारात भात ठेवू. जागा आहे त्यांच्याकडं. जुन्या जोडीला तिकडं नेऊ, रीतीनं, वाट म्हणून. शंभर पावलं तर आहेत. हे त्याचं त्याला."

"बापाचं कोठार आहे."

"बापाच्याच खांद्यांचा आहे ना तो?"

पिंकिहानला पाटावर बसवून दोघा पुतण्यांनी उचलून आणले. म्हाताऱ्याने जुन्या जोडीला एका कोठारातून दुसऱ्यात नेण्याची छोटीशी वाट म्हटली. गिनिदचे कोठार रिकामे झाले. दर कापणीची पहिली पेंढी तेवढी त्यात जायची, एकट्या पाहुण्यासाठी, आणि शिडी काढून घ्यायची. याने सुटका झाली का, असे बाहतानने विचारले तेव्हा पिंकिहान म्हणाला, "सुटका नाही. पण निदान आता तो तुझं खात नाही, स्वतःचं खातो." म्हातारा त्या हिवाळ्यात गेला. भात त्या वर्षी टिकले, की भावाच्या घरचे मिसळल्यामुळे टिकल्यासारखे वाटले, हे इंदानायलाही सांगता आले नाही.

आणि मग, पुढच्या कापणीच्या दिवशी, फ्लोरोची जीप पुन्हा थेट ओसरीपाशी येऊन थांबली. फ्लोरो हसत उतरला. त्याच्या फोनवर एक चित्र होते. तीच काचेची पेटी, तोच प्रकाश. फक्त शेजारच्या पाटीवर आता बाहतानचे नाव होते, त्याचा ओसरीवरचा फोटो होता, आणि चुन्याच्या डबीपासून रिकाम्या कोठारापर्यंत सगळे छापलेले होते. जोविताने वाचून दाखवले. लोक पेटीपुढे पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात, असेही कुणीतरी फ्लोरोला कळवले होते.

"मी मूर्ख, मानोंग," फ्लोरो म्हणाला. "मला वाटलं, तू आपलं सगळ्यांचं वाटोळं केलंस. उलट झालं! आता त्यांना आजोबा नकोत. नवाच हवा. पण तुझ्या हातचा, आणि त्या कथेसकट. तू कोरायचास, रक्त लावायचंस, तोंडानं म्हणायचंस, सगळं. मी समोर बसून चित्रण करणार. जितकं खरं म्हणशील तितकं बरं. तीन गिऱ्हाइकं थांबलीयत."

चुलतभाऊही मागे येऊन उभा होता. "एवढं तर कर आता," तो म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, विनवणी होती, आणि बाहतानला ती टोमण्यापेक्षा जड गेली.

बाहतानने कमरेची पिशवी सोडली. पान काढले, त्याचा देठ खुडला, चुना बोटाने पसरला, सुपारीची दोन खांडे त्यात ठेवली, मग आणखी एक. विडा गालात बसेना एवढा मोठा झाला. त्याने तो दाबून बसवला.

"मानोंग? हो म्हण, नाही म्हण, काहीतरी बोल."

"तोंड भरलंय त्याचं," इंदानाय आतून म्हणाली. "दिसत नाही का?"

बाहतान उठला. शेतातून आलेल्या पेंढ्यांपैकी पहिली त्याने बाजूला काढली होती. ती त्याने खांद्यावर घेतली, गिनिदच्या कोठाराला शिडी लावली आणि वर चढला. फ्लोरोने सवयीने फोन वर धरला. आत अंधार होता आणि जुन्या भाताचा वास अजून होता. बाहतानने पेंढी मधोमध ठेवली, जिथे कुणी बसलेले असते तर त्याचे गुडघे आले असते तिथे, आणि क्षणभर तो तसाच ओणवा राहिला. कथा घशापर्यंत आली होती, पहिल्या डोंगराच्या नावासकट. त्याने विडा चावला. तोंड लाल पाण्याने भरले. ते बाहेर येऊन थुंकायचे होते, म्हणून तो खाली उतरला आणि शिडी काढून घेतली.